घाडीकाकींचा वरचा मजला

घाडीकाकींना नेमकं काय बांधायचं होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि त्या बांधकामाचं अंदाजपत्रक करणारी मीच होते.

दादरला एका लहानशा ऑफिसात मी तेव्हा नोकरी करत होते. कुणाला काही बांधायचं असेल तर खर्च किती येईल, ते आम्ही आधी काढून द्यायचो. एका दुपारी साहेबांनी चिटोऱ्यावर पत्ता लिहून दिला. "लालबागला एक बाई आहेत, घाडीगावकर म्हणून. लोकांचं सामान ठेवायचं गोडाऊन आहे. वर मजला चढवायचाय. मापं घेऊन ये. किरकोळ काम आहे."

ते किरकोळ काम वर्षभराहून जास्त चाललं.

गल्लीच्या टोकाला एक लांबट, बसकी शेड होती. दारावर हाताने रंगवलेली पाटी होती, 'येथे घरगुती सामान ठेवले जाईल.' त्याखाली वेगळ्या रंगात, नंतर कधीतरी लिहिलेलं, 'घरगुतीच.' आत मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना शटरच्या खोल्या. बोळाच्या तोंडाशी सत्तरीच्या आसपासच्या एक बाई उभ्या होत्या. एक चष्मा डोक्यावर चढवलेला, दुसरा दोरीने गळ्यात, आणि माझ्याकडे बघत होत्या ते दोन्ही न लावता, डोळे बारीक करून.

"तू इंजिनिअर?"

"हो."

"मग सांग बघू, मला काय हवंय?"

मला वाटलं, परीक्षा घेतायत. मी मजला, जिना, सामानाची लिफ्ट असं काहीतरी पुटपुटले. त्या लक्ष देऊन ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "असं होय? असेल." ही परीक्षा नव्हती, ती त्यांची सवयच होती, हे मला पुढे कळलं. आपल्या मनात काय आहे ते त्या समोरच्याला विचारायच्या. "मला भूक लागलीय काय गो?" "मी चिडलेय असं वाटतंय तुला?" गल्लीतले लोक त्याला सरावले होते. इस्त्रीवाला हातातलं काम न थांबवता सांगायचा, "नाही काकी, आज चिडला नाहीत." मग त्या निवांत व्हायच्या.

शेड त्यांच्या नवऱ्याची. तिथे ते आपले दोन टेम्पो लावायचे. ते वारले, टेम्पो विकले, शेड रिकामी पडली. त्याच सुमारास समोरची चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं आणि चाळीतली माणसं भाड्याच्या खोल्यांतून पांगली. कुणी काळाचौकीला गेलं, कुणी शीव कोळीवाड्याला, कुणी पार कल्याणला. जाताना लाडांच्या घरातून कुणीतरी विचारलं, "काकी, टॉवर होईपर्यंत कपाट ठेवू का तुमच्याकडे?" काकी हो म्हणाल्या. कपाटामागून पलंग आला, पलंगामागून साळव्यांच्या पेट्या, मग शेजारच्या चाळीतलं सामान. शेवटी विटांच्या भिंती घालून खोल्या पाडाव्या लागल्या. काकी महिन्याचं भाडं घ्यायच्या आणि उशीर झाला तर दारात उभं राहून बोलायच्या, त्यामुळे त्या अगदी भोळ्या होत्या असं कुणी समजू नये. पण खोल्यांना नंबर नव्हते. लाडांची खोली, साळव्यांची खोली, मोऱ्यांची बाहेरची, मोऱ्यांची आतली.

त्यांचा मुलगा महेश ठाण्याला राहायचा, बँकेत होता. तो या सगळ्याला 'सेल्फ स्टोरेज' म्हणायचा. काकींना तो शब्द फार लागायचा. "सेल्फ म्हणजे ज्याचं त्यानं, ना? मग मी हयसर कित्याक बसलंय?" गोंधळल्या की त्या मालवणीवर यायच्या.

मी मापं घेतली, नकाशा काढला, त्यांच्यापुढे पसरला. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला, आणि परत दिला. "कागदावर माका काय कळणा नाय. जमिनीवर काढ." आणि पदराच्या गाठीतून खडू काढून दिला. मग मी आणि त्या, दोघींनी मिळून वरचा मजला खालच्या जमिनीवर आखला. बोळात, खोल्यांच्या दारांसमोर, पुढच्या अंगणात, जिथे जागा मिळेल तिथे. वरचा मजला खालच्याहून पुढे निघत होता, त्यामुळे एक खोली थेट गल्लीत आली. पुसली की काकी पुन्हा आखायच्या, आणि प्रत्येक वेळी थोडी वेगळी. सामान बघायला येणारी माणसं त्या रेषा ओलांडून सरळ आत जायची, की काकी ओरडायच्या, "भिंतीतून काय जातोस रे? दार तिकडे आहे!" माणसं दचकून मागे व्हायची आणि खडूच्या दारातून आत यायची. दर आठवड्याला दार हललेलं असायचं. इकडे ऑफिसात माझ्या भिंतींची लांबी बदलायची, विटा बदलायच्या, प्लास्टर बदलायचं. साहेब विचारायचे, "अजून मापंच चाललीयत?"

पहिलं अंदाजपत्रक घेऊन गेले तेव्हा त्यांनी बाब न बाब वाचून घेतली. सळई, सिमेंट, शटर यांवर त्या काही बोलल्या नाहीत. सगळ्यात शेवटी एक ओळ असते, 'अकल्पित खर्च', तिथे थांबल्या.

"हे काय?"

"काकी, जे आत्ता आपल्याला सुचत नाही, पण काम सुरू झाल्यावर निघतं, त्याचा खर्च."

"सुचत नाही?"

"नाही."

"मग आकडा कुठून आणलास?"

सगळेच असा धरतात, एकूण खर्चाचा काही भाग असतो, असं मी सांगितलं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुलाही काय माहीत नाही. बरं वाटलं." आणि मला कोकम सरबत दिलं. माझा अपमान झाला की कौतुक, याचा विचार करत मी दादरपर्यंत चालत आले.

त्यानंतर महेशने मला परळला एका हॉटेलात चहाला बोलावलं. गोरा, नीटनेटका, बोलताना चमचा ढवळत राहणारा माणूस. म्हणाला, "मॅडम, आईला सांगू नका, पण मला दुसरं एक अंदाजपत्रक हवंय. वर मोठ्या खोल्या नकोत. लहान लॉकर, एसी, कॅमेरे. ऑफिसवाले फायली ठेवतील, छोटे दुकानदार माल ठेवतील. ते लोक दर महिन्याला भाडं भरतील."

"पण काकींना तर..."

"आईला वाटतं, चाळीतले सगळे परत येणार आणि त्यांचं सामान आणखी वाढणार. टॉवर उभे राहिले मॅडम. काहीजण राहायलाही आले, लोकांनी नवीन फर्निचर केलं. मजल्याच्या कर्जासाठी शेडच तारण ठेवतोय आम्ही. उद्या खोल्या रिकाम्या राहिल्या तर हप्ता माझ्या पगारातून जाणार, आणि तो पुरला नाही तर शेडही जाणार. मग आई दिवसभर कुठे बसेल?"

हे शेवटचं वाक्य तो चमचा खाली ठेवून बोलला. तोवर मी त्याला मनातल्या मनात खलनायक करून टाकलं होतं, तेही मग जमेना. मी ऑफिसात जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. नोकरीत एवढी वर्षं झाली होती, पण मालक दोन आणि इमारत एक, असं काम माझ्याकडे कधी आलं नव्हतं. साहेब शांतपणे म्हणाले, "दोन्ही कर. एकावर 'अ' लिही, दुसऱ्यावर 'ब'. त्यांचं ते बघतील."

काकींच्या पुढे मी 'अ' ठेवलं. महेश शेजारी बसला होता. काकींनी कागद डोळ्यांपासून लांब धरला.

"वर अ कशाला लिहिलंय?"

मी महेशकडे पाहिलं, महेशने शटरकडे पाहिलं.

"अ आहे तर ब कुठे आहे?"

'ब' माझ्या पिशवीत होतं. ते काढून द्यावं लागलं. काकींनी महेशला वाचायला लावलं. लॉकर, एसी, कॅमेरे. संपल्यावर त्यांनी कागद परत मागून घेतला. मग म्हणाल्या, "हे असं करायचं होतं तर मला सांगायचं ना. मी काय नाय म्हटलं असतं?"

"हो आई! म्हटलं असतंस!"

"म्हटलं असतं काय गो?" त्यांनी मला विचारलं.

"म्हटलं असतंत," मी म्हणाले.

"बघ." त्यांनी दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले. "आता माका खरंच कळणा नाय."

महेश उठून बाहेर गेला आणि खडूच्या भिंतीवर उभा राहिला. त्या दिवशी त्याला कुणी ओरडलं नाही.

काय बांधायचं ते ठरलं नव्हतं तरी, दोन्ही बेतांना लागणारी एक गोष्ट करून घ्यायची होती. स्ट्रक्चर बघायला बर्वे म्हणून एक इंजिनिअर आले. हातोडीने भिंती ठोकल्या, दोन ठिकाणी खड्डे घेऊन पाया पाहिला, आणि हात झटकत म्हणाले, "या पायावर वरचा मजला बसणार नाही. खालून नवे कॉलम उठवावे लागतील. ते या खोल्यांमधून जाणार. म्हणजे खोल्या रिकाम्या करून द्या."

"सगळ्या?" काकींनी विचारलं.

"सगळ्या."

"जागा वाढवायची म्हणून जागा रिकामी करायची?"

"तसंच असतं ते," बर्वे म्हणाले आणि निघून गेले.

काकी बोळात इकडून तिकडे फिरत राहिल्या. मी अंदाजपत्रकात 'तात्पुरती हलवाहलव' अशी एक ओळ वाढवली आणि तिच्यापुढे काय आकडा घालावा, हे मला सुचेना.

काकींनी सगळ्यांना फोन केले. चार महिन्यांसाठी आपापलं सामान न्या, काम झालं की परत आणा, भाडं घेणार नाही. एक रविवार ठरला. मला बोलावण्याचं कारण नव्हतं, पण काकी म्हणाल्या, "कुठल्या खोलीत कॉलम येणार ते लोकांना तू सांग." म्हणून गेले.

सकाळपासून माणसं येऊ लागली. शटर वर गेली, धूळ उडाली, आणि सगळ्या गल्लीत चाळ पुन्हा भरल्यासारखी झाली. पहिला तास नुसता आनंदाचा. "अगो, तू किती बारीक झालीस!" "बाबा कसे आहेत?" "बाबा गेले ना, दिवाळीत." मग सामान बाहेर यायला लागलं आणि गोंधळ सुरू झाला.

भांड्यांवर नावं घातलेली असतात, त्यामुळे भांडी ओळखायला सोपी, असं मला वाटलं होतं. साळव्यांच्या सुशीलाताईंनी एक मोठं पातेलं उचललं, त्यावर 'मोरे' असं कोरलेलं. मोऱ्यांची सून म्हणाली, "हे आमचं." सुशीलाताई म्हणाल्या, "अगं, माझ्या लग्नात तुमच्या सासूबाईंनी दिलेलं आहे. देणाऱ्याचं नाव घातलंय." मग मोऱ्यांच्या पेटीतून 'साळवे' लिहिलेला डबा निघाला, तो बारशाचा. लाडांकडे 'घाडीगावकर' नावाची परात निघाली. एका तांब्यावर दोन नावं होती आणि दोन्ही घरं तो आपला नाही म्हणत होती. काकी मध्ये उभ्या राहून गळ्यातला चष्मा लावून नावं वाचत होत्या. मी त्यांना चष्मा लावलेलं तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. "चि. सौ. कां... पुढचं पुसलंय. कुणाची ही?" कुणाला सांगता येईना. भांडी बोळात एका रांगेत मांडली होती. रांग दर थोड्या वेळाने हलायची, पण कमी व्हायची नाही.

खरी अडचण लाडांच्या कपाटाशी झाली. मोठा भाऊ म्हणाला, "तू ने." धाकटा म्हणाला, "माझ्याकडे भिंतीतली कपाटं केलीयत, तू ने." मोठ्याने सांगितलं, त्याच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये हे जाणारच नाही, आणि जिन्याने एवढ्या वर कोण चढवणार? दोघांचे आवाज वाढले. काकी म्हणाल्या, "अरे भांडता कशाला? चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. मग पुन्हा इथेच ठेवा."

मोठा लाड खाली बघत म्हणाला, "काकी, आता परत नाही ठेवायचं. आम्ही दोघांनी ठरवलंय. सांगायचं कसं, तेच कळत नव्हतं."

काकींना आधी समजलंच नाही. "म्हणजे भाडं जास्त होतंय?"

"नाही हो."

"मग?"

"लागत नाही आता, काकी."

भंगारवाल्याला बोलावलं. तो कपाटाला जो भाव सांगत होता त्याला लाड तयार होते, काकी मात्र त्याच्याशी तावातावाने भांडल्या. "पत्रा बघ जरा कसला आहे! असा पत्रा आता मिळतो काय?" भाव थोडा वाढवून घेतला आणि पैसे दोन्ही भावांच्या हातात अर्धे अर्धे ठेवले. कपाट हातगाडीवर चढताना त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मला वाईट वाटतंय काय गो?"

मी मान हलवली.

"वाटतच असणार," त्या म्हणाल्या आणि भांड्यांच्या रांगेकडे गेल्या.

पुढच्या काही आठवड्यांत शेड रिकामी झाली. परत आणायचं सामान असलेली घरं थोडीच उरली. सुशीलाताईंनी वडिलांच्या पुस्तकांच्या पेट्या चादरीत बांधून नेल्या आणि बजावून गेल्या की आमची खोली दुसऱ्या कुणाला देऊ नका, पेट्या मी परत आणणार. बाकीच्यांतल्या कुणी सगळं विकलं, कुणी गावी पाठवलं. काही जणांनी फोनच उचलला नाही, त्यांचं सामान काकींनी काळाचौकीला स्वतःच्या राहत्या खोलीत नेऊन रचलं आणि झोपायला स्वयंपाकघरात जाऊ लागल्या.

आता मजल्याची गरजच नव्हती, हे माझ्यासारखीलाही कळत होतं. महेशला तर केवढं सुटल्यासारखं झालं. तो मला म्हणाला, "बरं झालं मॅडम, परस्पर प्रश्न सुटला. खालीच लॉकर करू, कर्जही कमी लागेल." तो हिशोब मांडून आम्ही दोघं काकींकडे गेलो. त्या रिकाम्या बोळात स्टुलावर बसल्या होत्या. बोललं की घुमत होतं.

सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "वरचा मजला बांधायचा."

महेशला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा समजावलं.

"ऐकलं मी. वरचा मजला बांधायचा."

"आई, खालचाच भरत नाही! वर काय ठेवणार तू?"

"भरलं होतं तेव्हा बांधता येत नव्हतं. बर्वेच म्हणाले. आता रिकामं आहे, आता बांधता येईल."

"अगं पण कशासाठी?"

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील, कशासाठी गो? पण नाही विचारलं. म्हणाल्या, "वर तुझे लॉकर कर, एसी लाव, कॅमेरे लाव. खाली माझ्या खोल्या राहू देत. कुणाला लागल्या तर असतील."

"आणि नाही लागल्या तर?"

"तर तू मला बोल. मी ऐकून घेईन."

महेश खूप वेळ बोळाच्या टोकापर्यंत जाऊन परत येत राहिला. "मला हे पटलेलं नाही," तो शेवटी म्हणाला, "पण सही करतो. आणि मी का करतोय, ते मला विचारू नकोस."

मी ऑफिसात परत आले आणि 'क' केलं.

काम पावसाआधी उरकायचं म्हणून घाईने निघालं. कॉलम उठले, स्लॅब पडला. पुढे वर्षभरात लॉकर भरले, खालच्या काही खोल्याही लागल्या, हप्ते निघत राहिले, असं महेशने फोनवर सांगितलं. मधल्या काळात मी दुसरी नोकरी धरली होती, माझं तिकडे जाणं सुटलं होतं. काकी झोपेत गेल्याचं त्यानेच कळवलं. खाली कुणाचं सामान आहे, हे मी त्याला विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते स्लॅब पडल्यानंतरच्या आठवड्यात. नवीन स्लॅब पक्का व्हावा म्हणून त्यावर सिमेंटचे छोटे बांध घालून पाणी भरून ठेवतात. मी माप तपासायला बांबूच्या शिडीने वर चढले होते, तर खालून हाक आली, "शिडी धर गो." मी नको नको म्हणेपर्यंत त्या वर आल्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचली, चपला काढल्या आणि सरळ पाण्यात उतरल्या. चारी बाजूंना टॉवर उभे होते.

"लाड त्या पिवळ्या बिल्डिंगीत ना?"

"कोणती पिवळी, काकी? दोन आहेत."

"मोरे तिच्या मागे. मग साळव्यांची कुठली?" त्या वळल्या. "समोरची चाळ इथेच होती. आपलं दार या बाजूला, म्हणजे चाळ इकडे. नाय नाय. दार तिकडे. आपण उलट्या उभ्या आहोत गो!"

आम्ही दोघी पाण्यात वळलो. पुन्हा वळलो. ऊन काचांवरून डोळ्यांत येत होतं आणि सगळ्या बिल्डिंगी सारख्याच दिसत होत्या. मलाही काही सांगता येईना. शेवटी काकींनी शोधणं सोडलं आणि एक हात वर करून हलवायला सुरुवात केली, कुठल्या बिल्डिंगीकडे ते न ठरवताच.

खूप वर एका गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थांबली. तिने खाली पाहिलं आणि तिनेही हात केला.

"कोण ती?"

"नाही ओळखू येत, काकी."

"असू दे," म्हणत काकी दोन्ही हात हलवू लागल्या.